तार लवकर संपली

लॉस एंजेलिस
सोमवार, १२ जानेवारी १९५९

प्रिय आयोला,

‘कोरडी खिंड’ या नव्या मालिकेचा नमुन्याचा भाग मीच दिग्दर्शित करणार, हे आज सकाळी पक्कं झालं. टीव्ही कंपनीच्या मिस्टर लिंडक्विस्टनी फोन करून सांगितलं. सेक्रेटरीने नव्हे, त्यांनी स्वतः. भाग एप्रिलमध्ये दाखवतील. जाहिरातदाराला आवडला तर सप्टेंबरपासून दर गुरुवारी, एकूण एकोणचाळीस भाग.

म्हणजे पुन्हा उभा राहिलो म्हणायचं. बावन्न वेस्टर्न केले मी, एकालाही शूटिंगसाठी बारापेक्षा जास्त दिवस मिळाले नाहीत. आणि गेली दोन वर्षं कुत्र्यांच्या बिस्किटांच्या जाहिराती करतोय. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, आयोला. ही संधी गेली तर पुढची नाही, हे मला कुणी सांगायला नको.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, तांबूस घोडा, कपाळावर पांढरा पट्टा आणि चारी पाय पांढरे असलेला. दुसरं, तुझ्या ऑर्व्हलचं ते ठिपकेदार गाईच्या कातड्याचं जाकीट, अजून असेल तर. आमच्या नायकाला खांदे नाहीत, नुसते दात आहेत; दुकानातलं जाकीट घातलं की तो विमाएजंट दिसतो. आणि खरं सांगू? ऑर्व्हलचं काहीतरी पडद्यावर असावं असं मला वाटतं.

एकोणचाळीस भाग मिळाले तर सगळं चित्रीकरण तुझ्याच कुरणावर, तुझ्याच घोड्यांवर. मी तसं बोलून ठेवलंय.

तुझा भाऊ,
थर्मन


लोन पाइन
१९ जानेवारी

थर्मन,

अभिनंदन. कुत्री सुटली एकदाची.

घोडा नाही, घोडी आहे. पर्ल. तू म्हणतोस तशीच. ती चावते, तेवढं दातवाल्याला सांगून ठेव.

जाकीट खोगिरांच्या खोलीत लटकत होतं. अस्तर उंदरांनी खाल्लंय, कातडं शाबूत आहे. पार्सल केलंय. दारुड्याचं जाकीट पडद्यावर दिसून कुणाचं काय भलं होणार ते तुलाच ठाऊक.

तू आठवण काढलीस म्हणून लिहिते, नाहीतर मी हे कुणाशी बोलत नाही. घोड्याच्या पुढच्या पायांना बांधलेली तार शंभर यार्डांवर ताणली जाते, घोडा तोंडावर जातो. स्वाराने त्याच्या आधी रिकिबीतून पाय काढायचे आणि खणून मऊ केलेल्या मातीत उडी टाकायची. ऑर्व्हलने तुझ्या सिनेम्यांत हे चाळीस वेळा केलं होतं. झोपेत केलं असतं. म्हणून तर तो पडला त्या दिवशी तू इस्पितळाच्या दारात मला बाजूला घेऊन म्हणालास, ‘त्याच्या तोंडाला वास येत होता,’ तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. दुसरं कारणच नव्हतं. तू सांगितलं नसतंस तर त्या मोडक्या कंबरेची मी सहा वर्षं पूजा केली असती.

तो मात्र कबूल करेना. रोज एकच. ‘तार लवकर संपली, आयोला.’ मी म्हणायची, ‘तू बाटली लवकर संपवलीस.’ त्याची खाट मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. पलीकडे खिडकी, खिडकीतून घोडे दिसायचे. मी म्हटलं, प्यायलो होतो म्हण, खाट फिरवते. कॉर्लिस रडायची, ‘बाबा खोटं बोलत नाहीत’ म्हणायची. बारा वर्षांच्या मुलीला काय कळतं?

सहाव्या हिवाळ्यात म्हणाला. ‘हो, प्यायलो होतो.’ मी त्याच दिवशी खाट फिरवली आणि त्याला माफही केलं. नऊ दिवसांनी गेला. त्याला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी कॉर्लिस रीनोला निघून गेली, त्याला पंधरा वर्षं झाली. तिचं एक पत्र नाही. बापाचा हट्टीपणा तिच्यात उतरलाय.

पर्लला बुधवारी ट्रकने पाठवते. खोगिराखाली तिला लोकरीचीच घडी लागते.

आयोला


लॉस एंजेलिस
६ फेब्रुवारी

प्रिय आयोला,

पर्ल राणीसारखी वागली. फक्त एकदा चावली, तेही निर्मात्याच्या मेव्हण्याला. सगळे खूश.

जाकीट आणि घोडी अगदी जुळले. तीन दिवसांत भाग पूर्ण झाला. संकलनाला बसलो तर सात सेकंद कमी पडत होते, तीही जागा भरून निघाली. लिंडक्विस्टनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. या गावात तो हात कुणाच्या खांद्यावर पडतो ते लोक मोजतात.

ऑर्व्हलबद्दल लिहिलंस ते वाचलं. जुनं उकरू नकोस. तू तुझं कर्तव्य केलंस.

९ एप्रिलला दाखवणार आहेत. पण तुमच्याकडे डोंगरामुळे चित्र नीट येत नाही म्हणतात, बघायची खटपट करू नकोस. मालिका सुरू झाली की मी स्वतः चांगला संच घेऊन येईन, आपण दोघं बसून बघू.

तुझा,
थर्मन


लोन पाइन
शुक्रवार, १० एप्रिल

थर्मन,

चित्र छान येतं. टेकडीवर नवा अँटेना बसवलाय.

काल संध्याकाळी मिसेस डॅगेटच्या खाणावळीत अर्धं गाव जमलं होतं. तिने तुझ्या नावाने ॲपल पाय केले होते. तुझं नाव आलं तेव्हा टाळ्या पडल्या. पर्ल दिसली तेव्हा पुन्हा टाळ्या. मग दातवाला खिंडीतून पळत सुटला, मागून गोळी लागली, आणि घोडा कोसळला. मिसेस डॅगेट म्हणाली, ‘अगंबाई, काय मस्त पडला!’

ती पर्ल नव्हती. पर्लचं मागच्या डाव्या पायाचं पांढरं घोट्यापाशी संपतं. ती मॅगी होती. ऑर्व्हल पडला त्याच दुपारी तुम्ही गोळी घातलीत ती मॅगी. आणि वर ऑर्व्हल होता.

‘जुळले’ असं तू लिहिलं होतंस. मी घोडे भाड्याने देणारी बाई. जुन्या फिल्ममधलं पडणं उचलतात आणि नव्या नटाला तेच कपडे घालून पुढे-मागे चिकटवतात, हे मला माहीत नाही थोडंच? तरी वाचून पुढे गेले.

आता मी काय पाहिलं ते ऐक. थेटरात तुझा सिनेमा आला तेव्हा घोडा वाकला की चित्र बदलायचं. काल बदललं नाही. सात सेकंद भरायचे होते ना तुला? म्हणून सगळंच दाखवलंस. ऑर्व्हल सरळ बसला होता. लगाम डाव्या हातात, खाली. प्यायलेला माणूस असा बसत नाही. मी आपल्या बापाला आणि तुला दोघांनाही प्यायलेलं घोड्यावर पाहिलंय. त्याचे पाय रिकिबीत होते, कारण पाय काढायची वेळच झाली नव्हती. मॅगी दगडांवर पडली. खणलेली मऊ जागा पुढे होती, थर्मन. चौकटीच्या उजव्या टोकाला स्पष्ट दिसते, फिकट मातीचा चौकोन, बाजूला काठीला बांधलेली चिंधी. तीस यार्ड पुढे.

तार लवकर संपली.

मिसेस डॅगेटने मला विचारलं, ‘आयोला, ॲपल पाय आवडला नाही का?’

कसं झालं ते लिही.

आयोला


लॉस एंजेलिस
१५ एप्रिल

प्रिय आयोला,

आधी बातमी. एकोणचाळीस भाग मंजूर! काल दुपारी लिंडक्विस्टनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. सोबत तुझ्या कुरणाचा आणि तीस घोड्यांचा करार पाठवतोय. सही करून परत पाठव, एक जूनपर्यंत तो त्यांच्या टेबलावर हवा. जागा पक्की नसेल तर माझंही पक्कं नाही, इतकं ते एकमेकांत गुंतलंय.

आता तुझं पत्र. खाणावळीतला बशीएवढा पडदा, वर अँटेनाचा हिमवर्षाव, त्यात तुला तीस यार्डांवरची चिंधी दिसली? तिथे आम्ही खुणेच्या काठ्या ठिकठिकाणी रोवायचो. तू त्या दिवशी जेवणाच्या तंबूत होतीस, मी कॅमेऱ्यापाशी होतो. तुला न विचारता तो तुकडा वापरला, हे चुकलं. मला वाटलं तुला आवडेल. त्याचं काम इतक्या लोकांनी पाहिलं.

खरंच, अख्ख्या भागात लिंडक्विस्टना सर्वांत जास्त काय आवडलं माहीत आहे? तेच पडणं. म्हणाले, ‘गॅडिस, असं आता कुणाला जमत नाही.’

करार विसरू नकोस.

थर्मन


लोन पाइन
२७ एप्रिल

थर्मन,

शनिवारी एचेवेरीकडे गेले होते. तुझ्या तारा बांधणारा तो स्पेनकडचा बास्क. आता वरच्या कुरणावर मेंढ्या राखतो. कोकरं जन्मायचे दिवस, कोपरापर्यंत हात रक्ताने भरलेले. मला बघून म्हणाला, ‘मिसेस हस्केल, एकवीस वर्षं लागली तुम्हाला.’

मी म्हटलं, ‘तू का आला नाहीस?’

‘आलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात. तुम्ही दारातूनच म्हणालात, दारुड्याच्या दोस्तांना इथे जागा नाही.’

म्हणाले असेन. मला आठवत नाही.

त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुला अँटेनावर ढकलता येणार नाही. ‘सकाळी तार शंभर यार्ड होती. ऑर्व्हलने स्वतः पावलं टाकून मोजली, थेट मऊ मातीपर्यंत. मग तो जेवायला गेला. साहेबांनी कॅमेऱ्यातून बघितलं. म्हणाले, तिथे पडला तर मागे व्हिटनीचं शिखर अर्धं कापलं जातं. तीस यार्ड काढून टाक. मी म्हटलं, ऑर्व्हलला सांगून येतो. ते म्हणाले, तू खुंटा पक्का कर, मी सांगतो.’

‘सांगितलं त्याने?’

‘तुम्ही बघितलंत ना.’

‘आणि दारू?’

‘कॉफी प्यायला होता. तुमच्याच किटलीतली.’

मला एकच गोष्ट हवी आहे. कॉर्लिसला पत्र लिही. तिचा पत्ता खाली देते, रीनोच्या टेलिफोन कचेरीत आहे ती. तू तार कमी केलीस, त्याला सांगितलं नाहीस आणि तो शुद्धीत होता, एवढंच. माझ्याबद्दल काही लिहू नकोस. मी काय केलं ते तिला माहीत आहे. ती खोलीत होती.

तुझा करार माझ्या टेबलावर आहे.

आयोला


लॉस एंजेलिस
४ मे

आयोला,

ठीक आहे. तुला हवंच आहे तर घे.

तार मी कमी केली. शिखर कापलं जात होतं, उजेड उतरत होता, तीन वाजेपर्यंत ते झालं नसतं तर अख्खा दिवस गेला असता, आणि माझ्याकडे दिवस सहाच होते. ऑर्व्हल जेवून आला तेव्हा मी कॅमेरावाल्याशी भांडत होतो. त्याने लांबूनच ‘तयार’ म्हणून हात वर केला, मी ‘निघ’ म्हणून हात खाली केला. विसरलो की नाही, ते मी स्वतःलाही विचारत नाही. कारण त्याला सांगितलं असतं तर तो ‘दगडांवर नाही’ म्हणाला असता, आणि ते चित्र मिळालं नसतं. बावन्न सिनेम्यांत माझ्या हातून झालेली एवढी एकच चांगली गोष्ट आहे. घोडा, माणूस, आणि मागे पूर्ण शिखर. तू माझी बहीण आहेस म्हणून हे तुला लिहितोय. कॉर्लिसला लिहिणार नाही. असला कागद माझ्या सहीने कुणाच्या हातात पडला तर पहिल्या चित्रीकरणाआधीच मी फाटकाबाहेर.

करारावर सही करून पाठव. मग सप्टेंबरनंतर, सगळं स्थिर झालं की, कॉर्लिसचं बघू.

आणि एक सांगतो. मी त्या दारात एकदा खोटं बोललो. अर्धा मिनिट. घाबरलो होतो, स्टुडिओचा माणूस मागे उभा होता. मला वाटलं तू म्हणशील, ‘माझा ऑर्व्हल? शक्यच नाही.’ मग मी सगळं सांगून टाकलं असतं, खरंच. पण तू नुसती मान हलवलीस. मी अर्धा मिनिट खोटं बोललो, आयोला. तू सहा वर्षं रोज बोललीस. खाट भिंतीकडे मी नव्हती वळवली.

थर्मन


लॉस एंजेलिस
२ जून

आयोला,

तू काय केलंस?

आज स्टुडिओच्या फाटकावर पहारेकऱ्याने यादीत माझं नाव शोधलं. दोनदा. मग म्हणाला, ‘मिस्टर गॅडिस, आजचं काही दिसत नाही.’ एकवीस वर्षं तो मला ‘बॉस’ म्हणायचा. लिंडक्विस्ट फोनवर येत नाहीत. सेक्रेटरी म्हणते, करार आला, सही झालेली आहे, सगळं ठीक आहे. सगळं ठीक आहे तर मी बाहेर का?

सोबत कॉर्लिसचं पत्र जोडलंय. तू सांगितलंस तसं शब्दन्‌शब्द, सहीसकट. तिला पाठव, दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. आणि तू लिंडक्विस्टना जे काही म्हणाली असशील ते मागे घे. आजच. तू मला वाढवलंस, आई गेल्यावर माझे केस तू कापायचीस. मी काय आहे ते तुला माहीत आहे. मला दुसरं काही येत नाही.

फोन कर.

थर्मन


लोन पाइन
सोमवार, १४ सप्टेंबर १९५९

थर्मन,

तुझी मधली अकरा पत्रं मिळाली. उत्तर आज देते, कारण आज सांगण्यासारखं आहे.

मी लिंडक्विस्टला फोन केला होता. दोन दिवस तयारी केली. तार, शिखर, मॅगी, इस्पितळाचं दार, सगळं ओळीने लावलं होतं, रडायचं नाही असं ठरवलं होतं. सुरुवात केली, ‘कुरण देते, घोडे देते, एकच अट आहे. दिग्दर्शक माझा भाऊ नको.’ तो म्हणाला, ‘गॅडिस? चालेल.’ मी म्हटलं, ‘कारण—’ तो म्हणाला, ‘मॅडम, कारणाची गरज नाही. घोड्यांना पाणी कुठून मिळेल?’ पुढची दहा मिनिटं आम्ही पाण्याबद्दल बोललो. तुला काढायला मला काहीच सांगावं लागलं नाही. हे तुला कळावं, म्हणून लिहिते.

तुझ्या जागी तुझाच मदतनीस आलाय, तो लालसर मिशांचा कीनन. हसतमुख आहे, घोड्यांना चांगला वागवतो. ऑगस्टपासून त्याची माणसं माझ्या कुरणावर जेवतात. आल्या आल्या मला अभिमानाने सांगितलं, ‘मिसेस हस्केल, ते पडणं आहे ना, ते आम्ही दर भागाच्या सुरुवातीला लावतोय. नावं त्याच्यावर येणार.’ मी विचारलं, काढता येईल का? म्हणाला, ‘ते काढलं तर मालिका राहील कुठे? त्याच्यावरच तर ती विकली गेली.’ करारात कुरण माझं आहे, घोडे माझे आहेत. ऑर्व्हल नाही. त्याच्यावर ज्यांची नावं येणार ती सगळी मी वाचली. नटांची, कपडेवाल्याची, माझ्या घोड्यांसाठी माझंसुद्धा. तुझं नाही. त्याचंही नाही.

कॉर्लिसला लिहिलेलं तुझं पत्र मी पाठवलं नाही. त्यातलं सगळं खरं होतं. पण मागितलं तेव्हा दिलं नाहीस, गरज पडली तेव्हा लिहिलंस. ते चुलीत घातलं आणि मीच लिहिलं. चार ओळी. पाचवी सुचली नाही.

तिचं उत्तर सात आठवड्यांनी आलं. एक कार्ड. ‘बाबांबद्दल मला नवं काही कळलं नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं.’ बस. मी पुन्हा लिहिलं, या वेळी दर गुरुवारी काय दाखवणार आहेत ते. बघवत नसेल तर रीनोत तो कार्यक्रम लावू नकोस, असं सांगायला. त्यावर मात्र लगेच पत्र आलं.

तुझ्यासाठी त्यात काही नाही. तुझं नावसुद्धा तिने लिहिलेलं नाही.

मालिकेचा पहिला भाग या गुरुवारी, साडेसात वाजता. मग एकोणचाळीस आठवडे, मध्ये नाताळलासुद्धा सुट्टी नाही, असं कीनन म्हणाला. कंपनीने मला भेट म्हणून नवा मोठा टीव्ही पाठवलाय, तो बाहेरच्या खोलीत लावलाय. कॉर्लिस बुधवारच्या बसने येते आहे. दर बुधवारी येईन, शुक्रवारी परत जाईन, असं लिहिलंय. ती टीव्ही बघणार नाही, मी बघायचा. तिला दुसरी खुर्ची हवी आहे, टीव्हीकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून.

आयोला